जाळं विणणारे हात: मिरकरवाड्यातलं विणकाम छंद आहे की मजुरी?

'विणकाम' हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांना लोकरीचा गुंडा, दोन सुया आणि अर्धा विणलेला स्वेटर आठवेल. घरात बाळ येणार असेल तर बाळंतविड्यासाठी टोपडं, पायमोजे, इवलासा स्वेटर. एक सुलट, एक उलट. टीव्हीसमोर बसून, गप्पा मारता मारता होणारं, साधारणपणे बायकांचं मानलं गेलेलं घरगुती काम.

पण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर विणकामाचा अर्थ वेगळा आहे. इथं विणणारे बहुतेक पुरुष आहेत. त्यांच्या हातात लोकरीऐवजी नायलॉनचा धागा असतो आणि मांडीवर असतं ते शेकडो मीटर लांबीचं जाळं. कुणी याला छंद म्हणत नाही. पण विणकामामुळे मन शांत होतं, हाताला चाळा मिळतो, काहीतरी घडवल्याचं समाधान मिळतं, असं जगभरातले हौशी विणकर सांगतात. त्यातलं बरंच काही या कामातही आहे. मग छंद आणि मजुरी यांच्यातली रेघ नेमकी कुठे असते? आणि हाताने जाळं विणण्याचं कौशल्य आज कुठल्या टप्प्यावर आहे?

समजून घेऊ.

'विणणे' म्हणजे नेमकं काय?

मराठीत 'विणणे' हे क्रियापद फार ऐसपैस आहे. मागावर कापड विणतात, सुयांवर स्वेटर विणतात, बाज विणतात, टोपली विणतात आणि जाळंही विणतात. इतर अनेक भाषांत या प्रत्येक क्रियेला वेगळा शब्द आहे. आपल्याकडे एकच शब्द पुरतो. पण या सगळ्यांमागचं तंत्र मात्र वेगवेगळं आहे.

मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे एकमेकांच्या खालून-वरून जातात.

स्वेटरमध्ये उभा-आडवा असा भेद नसतो. एकच लांब धागा असतो. त्याचा फासा करायचा, त्या फाशातून दुसरा फासा ओढून काढायचा, दुसऱ्यातून तिसरा. म्हणजे स्वेटर ही फाशांची रांग असते, तिच्यात गाठ नसते. म्हणूनच स्वेटर ताणला की ताणतो आणि सोडला की पुन्हा जागेवर येतो. म्हणूनच एक टाका सुटला की खालपर्यंत शिडीसारखी उसवण होते.

क्रोशाचं तत्त्वही फाशातून फासा काढण्याचंच आहे. फक्त तिथं दोन सुयांऐवजी आकडा असलेली एकच सुई असते. साखळी, खांब, मुका खांब हे त्याचे टाके क्रोशा शिकलेल्या प्रत्येकीला तोंडपाठ असतात.

जाळ्याचं तसं नाही. जाळ्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर गाठ असते. जाळ्यातल्या एका भोकाला मच्छीमारीच्या भाषेत 'आस' म्हणतात. आसाची एक बाजू तुटली तर शेजारचे दोन आस मिळून एक मोठं भोक होतं, पण बाकीच्या गाठी आपापल्या जागी राहतात. स्वेटरसारखी उसवण पुढे पळत नाही. समुद्रात खडकाला घासणाऱ्या, माशांच्या वजनाने ताणल्या जाणाऱ्या वस्तूसाठी हा गुण मोलाचा आहे. जाळं फाटतं, पण एकदम संपत नाही. ते दुरुस्त करता येतं.

ही गाठ बसते कशी?

जाळं विणायला तीन गोष्टी लागतात: धागा, सुई आणि मापाची पट्टी.

ही सुई शिवणाच्या सुईसारखी नसते. ती लाकडाची, बांबूची किंवा प्लॅस्टिकची, चपटी आणि वीतभर लांब असते. तिच्या आत एक जीभ कोरलेली असते आणि त्या जिभेभोवती बराच धागा गुंडाळून ठेवता येतो. म्हणजे सुई हीच धाग्याची रीळही असते. पट्टी असते ती मापासाठी. तिच्यावरून धागा घेतला की प्रत्येक आस सारख्याच आकाराचा होतो. आस ताणून धरला की जेवढी लांबी भरते, त्याच्या साधारण निम्मी रुंदी पट्टीला लागते.

आता कृती पाहा. धागा पट्टीवरून घेऊन वरच्या ओळीतल्या आसात खालून घालायचा. खाली ओढून तो पट्टीच्या काठावर डाव्या अंगठ्याने दाबून धरायचा. मग धाग्याचा एक सैल वळसा डावीकडे टाकायचा, सुई वरच्या आसाच्या दोन्ही पायांच्या मागून काढायची आणि त्या वळशातून बाहेर आणून ओढायची. गाठ बसली. पुन्हा पट्टीवरून धागा, पुन्हा अंगठा, पुन्हा वळसा.

सरावलेल्या हाताला एका गाठीला दोन-तीन क्षण लागतात. नवख्याचा अंगठा सरकतो, गाठ पट्टीच्या खाली घसरते आणि आस वाकडा होतो. 'हात बसणे' या मराठी वाक्प्रचाराचा अर्थ कळायला याहून चांगलं उदाहरण नाही.

ही गाठ किती जुनी आहे? आज रशियात असलेल्या, पण तेव्हा फिनलंडचा भाग असलेल्या आंत्रेया या गावात १९१३ साली शेतात काम करताना एक जाळं सापडलं. विलो झाडाच्या सालीच्या तंतूंपासून गाठी मारून विणलेलं हे जाळं दहा हजार वर्षांहून जुनं असल्याचं संशोधकांनी ठरवलं. सुमारे ३० मीटर लांब, सहा सेंटिमीटरचे आस, वर बोया आणि खाली दगडाची वजनं. थोडक्यात, वर तरंगणारं आणि खाली बुडणारं काहीतरी बांधून मध्ये जाळ्याची भिंत उभी करायची, ही रचना तेव्हापासून आजच्या मिरकरवाड्यापर्यंत तशीच आहे.

मिरकरवाड्यात कोणती जाळी दिसतात?

रत्नदुर्ग किल्ल्याजवळचं मिरकरवाडा हे रत्नागिरी जिल्ह्यातलं सर्वांत मोठं मच्छीमार बंदर. या भागात कोकणी मुस्लिम मच्छीमारांची मोठी वस्ती आहे आणि बोटींवर काम करणारे खलाशी देशाच्या इतर भागांतून आणि मोठ्या संख्येनं नेपाळमधून येतात.

कोकणच्या किनाऱ्यावर पारंपरिक जाळ्यांचे अनेक प्रकार आहेत. एकट्या माणसाने खाडीत फेकायचा गोल पाग, अनेकांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायची रापण, भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडं ठेवून रोवायची पिशवीसारखी डोल. मिरकरवाड्यासारख्या यांत्रिक बोटींच्या बंदरात मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

गिलनेट: पाण्यात उभी राहणारी भिंत. मासा आसात डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो.

ट्रॉल: बोटीमागे ओढली जाणारी नरसाळ्यासारखी पिशवी. मासे शेवटी तिच्या शेपटात जमा होतात.

पर्ससीन: माशांच्या थव्याभोवती गोल फिरवून टाकलेलं प्रचंड जाळं. तळाचा दोर ओढला की ते बटव्यासारखं आवळलं जातं. या जाळ्यांवरून पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यात मोठा संघर्ष झाला आहे. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये आदेश काढून राज्याच्या सागरी हद्दीत पर्ससीन मासेमारी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या चार महिन्यांपुरती मर्यादित केली.

या सगळ्यांत आसाचं माप ही केवळ कारागिरीची बाब नाही. आस लहान असेल तर पूर्ण वाढ न झालेली पिल्लंही अडकतात. ट्रॉलच्या शेपटात नेहमीचा चौकटच्या पानासारखा तिरका आस असेल, तर ओढ बसली की तो मिटतो आणि लहान माशांना निसटायला वाट उरत नाही. तिथं सरळ चौकोनी आस वापरला तर तो उघडा राहतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा आहे. कुठे, कधी आणि कोणत्या जाळ्याने मासेमारी करायची याचं नियमन त्याच्या आधारे होतं. म्हणजे वीतभर सुई आणि पट्टी घेऊन बसलेल्या माणसाच्या हातून ठरणारं माप पुढच्या वर्षीच्या माशांपर्यंत जाऊन पोचतं.

तागापासून नायलॉनपर्यंत

नायलॉन येण्याआधी कोकणातली जाळी ताग आणि सुतापासून विणली जात. धागा वळण्यापासून काम सुरू व्हायचं. हे तंतू पाण्यात कुजतात. म्हणून जाळी ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून मुरवली जात. त्या सालीतला तुरट अंश तंतूंना टिकाऊ करायचा आणि जाळ्याला तांबूस रंग यायचा. हे काम वारंवार करावं लागे. दर काही दिवसांनी जाळं वाळवणं, तपासणं, मुरवणं, तुटलेलं विणणं हा मच्छीमार घरांचा नित्यक्रम होता.

नायलॉनचा शोध १९३५ साली अमेरिकेत लागला. भारतीय किनाऱ्यावर कृत्रिम धाग्यांची जाळी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पसरू लागली. नायलॉन कुजत नाही, हलकं असतं, लवकर वाळतं. पण ते गुळगुळीत असल्यामुळे जुनी गाठ त्यावर घसरते. म्हणून नायलॉनवर, विशेषतः मासेमारीच्या पारदर्शक एकतंतू धाग्यावर, वळसा दोनदा घेऊन दुहेरी गाठ मारावी लागते. नव्या धाग्याने हातालाही नवीन गोष्ट शिकायला लावली.

मोठा बदल यंत्राने झाला. पायमोजे विणणारं यंत्र इंग्लंडच्या विल्यम ली यांनी १५८९ साली बनवलं होतं. गाठ मारणाऱ्या यंत्राला मात्र त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं लागली. स्कॉटलंडच्या मसलबरा गावात जेम्स पॅटरसन यांनी १८२० च्या सुमारास जाळी विणण्याचं यंत्र चालवलं. फासा ओढण्यापेक्षा गाठ मारणं यंत्रासाठी किती अवघड आहे, याचा हा पुरावाच म्हणायचा.

आज जाळ्याचे मोठमोठे पट्टे कारखान्यात तयार होतात. गंमत म्हणजे महाराष्ट्रातला या उद्योगातला मोठा कारखाना समुद्रापासून लांब, सह्याद्रीच्या पलीकडे, सातारा जिल्ह्यातल्या वाईमध्ये आहे. गरवारे टेक्निकल फायबर्स ही पुण्याची कंपनी तिथं मासेमारीची जाळी बनवते.

मग हाताला काय उरलं?

बरंच काही. कारखान्यातून येतो तो जाळ्याचा थान. त्यातून मासेमारीचं जाळं तयार व्हायला अजून हाताचं काम लागतं.

पहिलं काम जोडणीचं. वेगवेगळ्या आसांचे तुकडे मापाने कापून एकमेकांना विणून जोडावे लागतात.

दुसरं काम दोरावर चढवण्याचं. जाळ्याचा पट्टा वरच्या आणि खालच्या दोराला बांधताना तो ताणून बांधत नाहीत. ढिला सोडतात. गिलनेटमध्ये साधारणपणे ताणून १०० मीटर भरणारं जाळं ५० मीटर दोरावर चढवतात. हा ढिलेपणा किती ठेवायचा, यावर आस किती उघडेल आणि मासा कसा अडकेल हे ठरतं. वर बोया, खाली शिशाची वजनं.

तिसरं आणि कधीच न संपणारं काम दुरुस्तीचं. खडक, बुडालेल्या बोटींचे सांगाडे, शार्कसारखे मोठे मासे अशा अनेक गोष्टींनी जाळं फाटतं. दातांनी धागे कुरतडणारे केंड मासे कोकणातल्या मच्छीमारांची जुनी डोकेदुखी आहेत.

कधी जाळं मुद्दाम कापावंही लागतं. ऑलिव्ह रिडले कासव किंवा व्हेल शार्क असा संरक्षित जीव अडकला तर जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकारच्या योजनेतून जास्तीत जास्त २५ हजार रुपये भरपाई मिळते. डिसेंबर २०१८ पासून ही योजना सुरू आहे. कासव समुद्रात परत जातं. कापलेलं जाळं बंदरावर येतं आणि कुणीतरी सुई घेऊन त्याच्यापुढे बसतं.

फाटलेलं जाळं जोडण्याची पद्धत ऐकली तर एक उलटी वाटणारी गोष्ट लक्षात येते. दुरुस्तीची सुरुवात भोक आणखी मोठं करण्यापासून होते. लोंबणारे, अर्धवट तुटलेले धागे कापून कड साफ करायची. प्रत्येक गाठीतून आसाचे चार पाय निघतात. कड अशी कापायची की सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाठीला तीन पाय शिल्लक राहतील आणि मधल्या सगळ्या गाठींना दोन. मग वरच्या तीन पायांच्या गाठीपासून विणायला सुरुवात केली की एकाच धाग्याने ओळीमागून ओळ भरत, धागा मध्ये न तोडता, खालच्या तीन पायांच्या गाठीवर काम संपतं. कापताना हिशेब चुकला तर शेवटी एक आस जास्त किंवा कमी पडतो आणि तिथं जाळं ओढ धरतं. चांगली दुरुस्ती कशी ओळखायची? भोक कुठे होतं ते शोधावं लागतं.

हे यंत्राला सहजासहजी जमत नाही, कारण यंत्र सारख्या ओळी विणतं आणि कोणतीही दोन भोकं सारखी नसतात.

पावसाळ्याचे ६१ दिवस

या कामाचा खरा हंगाम म्हणजे मासेमारी बंदीचा काळ. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते. माशांच्या प्रजननाला वाव मिळावा आणि खवळलेल्या समुद्रात जीव जाऊ नयेत, ही त्यामागची कारणं. बोटी किनाऱ्याला लागतात, झाकल्या जातात. जाळी धुवून, वाळवून, उलगडून तपासली जातात.

या दिवसांत बंदराच्या अर्थकारणातली एक अडचणही दिसते. बंदीच्या काळात अनेक नेपाळी आणि परराज्यातले खलाशी घरी जातात. हंगाम पुन्हा सुरू होताना ते वेळेत परततील का, ही दरवर्षीची चिंता असते. त्यांच्यापैकी कित्येक जणांनी जाळ्याचं काम इथल्याच बोटींवर शिकलेलं असतं. डोंगराळ देशातून आलेल्या माणसाच्या हातात समुद्राची गाठ बसते. तो परत आला नाही तर ती गाठही त्याच्याबरोबर जाते.

दुसरी अडचण जागेची. पर्ससीनसारखं जाळं घराच्या ओसरीवर मावत नाही. ते पसरायला मोठी, सपाट आणि झाकलेली जागा लागते. नायलॉन कुजत नसलं तरी उन्हाने कमकुवत होतं, त्यामुळे सावलीही हवी. म्हणूनच आधुनिक मच्छीमार बंदराच्या आराखड्यात लिलावगृह आणि बर्फ कारखान्याबरोबर जाळी विणण्याच्या शेडची तरतूद केलेली असते. जानेवारी २०२५ मध्ये प्रशासनाने मिरकरवाडा बंदराच्या जागेतली अनधिकृत बांधकामं हटवली आणि बंदराच्या विकासाच्या पुढच्या टप्प्याची चर्चा सुरू झाली. नवं बंदर कसं असेल याचा विचार करताना जेट्टी, रस्ते आणि गाळ उपसण्याइतकंच महत्त्व या साध्या शेडलाही आहे. कारण तिथं फक्त जाळी दुरुस्त होत नाहीत. नवीन पोरगा अनुभवी माणसाच्या शेजारी बसून काम शिकतो तो तिथंच.

विणकामाने मन शांत होतं, हे खरं का?

आता लोकरीकडे परत येऊ. विणकामाचे फायदे सांगणाऱ्या पोस्ट आणि व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. यामागे अभ्यास आहे का?

जिल रायली, बेट्सान कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस या संशोधकांनी २०१३ मध्ये एक आंतरराष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ३,५४५ विणकरांनी प्रश्नावली भरली होती. जे जास्त वेळा विणतात, त्यांनी शांत आणि आनंदी वाटण्याचं प्रमाणही जास्त सांगितलं. एकत्र बसून विणणाऱ्यांनी लोकांशी संबंध सुधारल्याचं सांगितलं.

पण इथं सावध राहायला हवं. ही उत्तरं मुळात विणकामाची आवड असलेल्यांनीच दिलेली होती. विणकामामुळे माणूस शांत होतो की शांत माणसं जास्त विणतात, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. विणकाम हे कोणत्याही आजारावरचं औषध आहे, असा अर्थ तर मुळीच काढता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी मांडलेली 'फ्लो' ही कल्पना इथं जास्त उपयोगी पडते. १९९० मध्ये त्यांचं याच नावाचं पुस्तक आलं. माणूस कामात इतका बुडतो की वेळेचं भान राहत नाही, अशी ती अवस्था. मराठीत आपण तिला 'तंद्री लागणे' म्हणतो. त्यांच्या मते यासाठी तीन गोष्टी लागतात: पुढे काय करायचं ते स्पष्ट असणं, केलेलं बरोबर की चूक हे लगेच कळणं आणि काम आपल्या कुवतीला पेलेल पण फार सोपं नसेल एवढं अवघड असणं.

ही यादी जाळ्याला लावून पाहा. पुढची गाठ कुठे मारायची हे समोर दिसतं. गाठ घसरली तर बोटांना त्याच क्षणी कळतं. आणि प्रत्येक भोक नवीन असतं. तिन्ही अटी पूर्ण होतात. पगार मिळतो म्हणून तंद्री लागायची थांबत नाही.

तरीही फरक आहे. छंद म्हणून स्वेटर विणणारी व्यक्ती कंटाळा आला की सुया पिशवीत ठेवू शकते. रंग आवडला नाही तर बदलू शकते. सहा महिने हात लावला नाही तरी कुणाचं अडत नाही. उद्या पहाटे बोट सुटणार असेल तर खलाशाला ही मोकळीक नसते. पाठ भरून आली, बोटांना धाग्याने काप गेले, डोळे चुरचुरले तरी जाळं पुरं करावं लागतं. छंद आणि मजुरी यांच्यात हाताच्या हालचालीचा फरक नाही. थांबण्याच्या मुभेचा फरक आहे. म्हणून जाळं विणणाऱ्याला 'किती शांत काम आहे तुमचं' असं म्हणताना जरा विचार करायला हवा.

मग अर्थ कुठून येतो?

समुद्राच्या काठावर विणकाम आणि जाळं एकाच घरात नांदल्याचं उदाहरण ब्रिटनमध्ये सापडतं. तिथल्या मच्छीमार वस्त्यांत घट्ट विणीचे 'गर्न्सी' स्वेटर विणले जात. थंड वाऱ्यापासून आणि पाण्याच्या तुषारांपासून बचाव करणारे हे स्वेटर बायका घरच्या माणसांसाठी विणत. स्कॉटलंडमध्ये हेरिंग मासे साफ करायला बंदरोबंदरी जाणाऱ्या मुली मोकळ्या वेळात, अगदी चालतानाही विणत असत. त्यांच्यासाठी विणकाम गरज होती, मिळकत होती आणि अभिमानाची गोष्टही होती. नक्षीवरून हात ओळखता यायचा.

कोकणच्या दमट हवेत जाड स्वेटरची गरज कधी पडली नाही. म्हणून इथल्या किनाऱ्यावरचं गरजेचं विणकाम म्हणजे जाळंच. पण बाळंतविड्यातलं टोपडं आणि मिरकरवाड्यातलं जाळं यांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही कुणासाठी तरी विणलेली असतात आणि दोन्ही नीट झाली की नाही हे वापरणाऱ्याला कळतं. टोपडं बाळाला बोचता कामा नये. जाळं भर समुद्रात सुटता कामा नये. कामाला अर्थ येतो तो इथून. पैसे मिळतात की नाही, हा त्यानंतरचा मुद्दा.

याचा एक व्यावहारिक परिणामही आहे. ज्या कामाला आपण 'कला' किंवा 'छंद' म्हणतो त्याचे वर्ग भरतात, पुस्तकं निघतात, प्रदर्शनं होतात. ज्याला नुसतं 'खलाशाचं काम' म्हणतो ते माणसाबरोबर येतं आणि माणसाबरोबर निघून जातं. क्रोशाच्या प्रत्येक टाक्याला मराठीत नाव आहे, चिन्ह आहे, यूट्यूबवर शेकडो व्हिडिओ आहेत. जाळ्याच्या गाठींचे, दुरुस्तीच्या कापाचे, जोडणीचे शब्द मात्र बंदराबाहेर फारसे माहीत नाहीत.

शिकायचं असेल तर कुठे?

औपचारिक शिक्षणाचा एक रस्ता रत्नागिरीतच आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाची स्थापना १९८१ सालची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाशी ते संलग्न आहे. मत्स्यविज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमात मासेमारीच्या साधनांचं तंत्र शिकवलं जातं, त्यात जाळ्याचे धागे, गाठी, रचना आणि दुरुस्ती येते. राष्ट्रीय पातळीवर कोचीची केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून जाळी आणि बोटी यांवर संशोधन करते आहे.

हौस म्हणून करून पाहायचं असेल तर खर्च फार नाही. प्लॅस्टिकची जाळ्याची सुई मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. पट्टी म्हणून जुनी मोजपट्टी चालते. सुरुवातीला नायलॉन घेऊ नका, गाठ घसरते आणि वैताग येतो. जाडसर सुती दोरी घ्या. खिळ्याला एक फासा अडकवा, वरची कृती हळूहळू करा. पहिल्या दहा ओळी वाकड्या येतील. त्यानंतर आस एकसारखे पडू लागतील. भाजीची पिशवी, वेलासाठी मांडवाची जाळी, चेंडू ठेवायची झोळी हे सुरुवातीला जमण्यासारखं आहे.

एक ओळ पूर्ण झाली की तिच्यातला मधला धागा मुद्दाम कापा आणि ते भोक भरून पाहा. नवीन विणण्यापेक्षा ते अवघड जाईल. आणि पुढच्या वेळी बंदरावर गेलात, शेडमध्ये जाळ्याच्या ढिगापुढे कुणी सुई घेऊन बसलेलं दिसलं, तर ते काय करत आहेत हे तुम्हाला कळेल. त्यांना वेळ असेल तर गाठीचं नाव विचारा आणि लिहून ठेवा.